गोव्यात राहून, पदवी नसताना आयटीत नोकरी मिळते का? कोणता कोर्स करावा?

साखळीचा आहेस, वीस वर्षांचा, बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलंस आणि घरचे म्हणतात 'शिक्षण सोडलेल्याला आयटीत कोण विचारतो', असं तू लिहिलंयस. त्या एका वाक्यासाठी मी हे लिहायला बसलोय. वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

विचारतात. मी तुझ्याच तालुक्यातला. विद्यापीठाचा एकही कागद माझ्याकडे नाही आणि आज डिचोलीतल्या घरात बसून एका कंपनीचे लिनक्स सर्व्हर सांभाळतो. पण तू सुरुवातच 'कोणता कोर्स' इथून केलीस आणि तिथेच बहुतेक मुलं अडकतात. कोर्सवाले फी घेतात, सर्टिफिकेट देतात, 'शंभर टक्के प्लेसमेंट'चा बोर्ड लावतात. पुढे तू असतोस आणि तुझा बायोडेटा असतो. पदवी नसलेल्या माणसाचा बायोडेटा एचआरच्या टेबलावर वाचलाच जात नाही, तिथे तुझा निभाव लागणार नाही. जिथे कुणाचं तरी काम अडलंय, यंत्र बंद पडलंय आणि ते आजच्या आज चालू व्हायला हवंय, तिथून आत शिरायचं. त्या वेळी पदवी कुणी विचारत नाही.

माझं सांगतो. आमचा खाणीचं खनिज वाहणारा एक टिपर ट्रक होता, बँकेच्या कर्जावर घेतलेला. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. डिचोली, सत्तरी, सांगे भागात ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना पुढचं सांगायला नको. टिपर दारात उभा, हप्ता चालू, बाबा सकाळी उठून नुसते त्याच्याकडे बघत बसायचे. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. धाकटी बहीण दहावीत. कॉलेज सोडलं आणि म्हापशाला एका कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानात लागलो, महिना पाच हजारांवर.

त्या दुकानाने मला जे शिकवलं ते कुठल्याही वर्गात शिकायला मिळालं नसतं. आमचा पात्रांव, म्हणजे मालक, फार बोलायचा नाही. एकच सांगायचा, "पयलीं वायर पळय, मागीर विंडोज." म्हणजे आधी वायर बघ, मग विंडोज. पावसाळ्यात रोज चार-पाच मशीन यायच्या, चालू होत नाहीत म्हणून. निम्म्यांची रॅम काढायची, तिच्या सोनेरी पट्टीवर साधं खोडरबर फिरवायचं, परत बसवायची, की मशीन चालू. दमट हवेने पट्टीवर थर चढतो, बाकी काही नसतं. मृगाआधीच्या गडगडाटात राउटर आणि लॅनचे पोर्ट जळायचे. किनाऱ्यावरच्या हॉटेलांतून येणाऱ्या मदरबोर्डवर खाऱ्या हवेचा हिरवट गंज असायचा. नेटवर्कच्या केबलला टोकाचा कनेक्टर बसवायला, म्हणजे क्रिंप करायला, बसलो की पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी हा क्रम आजही झोपेत म्हणेन. दिवसा हे, रात्री घरी नेटवर्किंगची पुस्तकं. 'सबनेट म्हणजे काय' (नेटवर्कमधल्या पत्त्यांचा एक गट) हे मी रात्री जेवण झाल्यावर ओट्यावर बसून वहीत गणितं सोडवून शिकलो. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे माझ्या काकांचं सांगेन तेव्हा लागणार आहे.

दुकानाकडे काही हॉटेलांची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीची कंत्राटं, होती, त्यामुळे कळंगुट-कांदोळीच्या फेऱ्या सुरू झाल्या. अशाच एका रिसॉर्टचं सांगतो. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, हॉटेल फुल्ल आणि पाहुण्यांना वायफाय मिळत नाही. सिग्नल पूर्ण, फोन जोडायला जावं तर नुसता फिरत राहतो. रिसेप्शनवर भांडणं. वायफाय बसवणाऱ्या कंपनीचे दोन इंजिनियर येऊन गेले होते, दोघे बी.ई. त्यांनी सांगितलं सिग्नल कमी पडतोय, आणखी ॲक्सेस पॉइंट लावा. लावले. फरक शून्य. मी खरं तर तिथे बिलिंगचा प्रिंटर बघायला गेलो होतो.

रिसेप्शनवर एका पाहुण्याचा लॅपटॉप उघडाच होता. त्यांना विचारून आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बघितला, तर १६९.२५४ ने सुरू होणारा. विंडोजला कुणीच पत्ता दिला नाही की तो स्वतःहून असा पत्ता घेतो. म्हणजे सिग्नलचा काही संबंधच नाही, पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर उत्तर देत नाहीये. सर्व्हर उघडला. सगळे पत्ते वाटून संपलेले. एका साध्या सबनेटमध्ये २५४ पत्ते, त्यातले कॅमेरे, प्रिंटर, बिलिंगच्या मशीन यांना आधीच दिलेले. उरलेले पाहुण्यांना, आणि एका खोलीत दोन माणसं असली तरी चार-पाच उपकरणं. त्यावर कडी म्हणजे लीज, म्हणजे एकदा दिलेला पत्ता राखून ठेवायची मुदत, आठ दिवसांची. विंडोज सर्व्हरवर ती तशीच असते, कुणी बदलली नाही तर. पाहुणा दोन रात्री राहून दाबोळीहून विमानाने घरी पोचलेला आणि त्याच्या फोनचा पत्ता आमच्याकडे आठवडाभर अडकलेला!

मी मॅनेजरला सांगितलं, जुन्या लीज काढतो आणि मुदत काही तासांवर आणतो, बाकी कशाला हात लावत नाही. त्याने कंपनीला फोन लावला, कंपनी म्हणाली आमच्याशिवाय कुणी हात लावू नये. पण त्या मॅनेजरसमोर एक मोठा कुटुंबकबिला उभा होता. तो म्हणाला, कर. केलं. पाच मिनिटांत लोकांचे फोन जोडले जायला लागले. सीझन ओसरल्यावर त्यांनी मलाच बोलावून पाहुण्यांसाठी वेगळं व्हीलॅन, म्हणजे त्याच तारांवर वेगळं ठेवलेलं नेटवर्क, करून घेतलं, त्यात '/२२' असा लिहितात तो मोठा सबनेट दिला, म्हणजे १,०२२ पत्ते. बिलिंग आणि पाहुणे एकाच नेटवर्कवर होते हे खरं तर वायफायपेक्षा मोठं दुखणं होतं, तेही गेलं. आणि त्याच हॉटेलात मला आयटीची कायम नोकरी मिळाली. बायोडेटा मागितला तो नोकरी दिल्यानंतर, फाइलला लावायला.

पुढच्या वर्षी त्याच वायफायवाल्या कंपनीत जागा निघाली. तांत्रिक मुलाखत दोन तास चालली, घेणारा माणूस खूश होता. मग एचआरच्या बाईंनी फॉर्म पाहिला, पदवीचा रकाना रिकामा. "पॉलिसी आहे," म्हणाल्या. विषय तिथे संपला. त्याच कंपनीचे लोक नंतर अडले की रात्री-बेरात्री मला फोन करायचे. मी सांगायचोही, कारण काम अडलेलं मला बघवत नाही. पण ती गोष्ट मी विसरलेलो नाही.

आता काका. थोरले काका हायस्कूलमधून निवृत्त झालेले, अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलंय. गणपतीच्या चवथीला आम्ही सगळे मूळ घरी जमतो. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधून झाली की काका दर वर्षी कुणातरी नवीन पाहुण्याला माझी ओळख करून देतात, "हुशार होता, पण शिकला नाही." दर वर्षी. मी काकांना उलट बोलत नाही, पण इथे लिहितो. काका, मी कॉलेज सोडलं, शिकणं सोडलं नाही. ओट्यावरच्या त्या वह्या तुम्ही पाहिल्यात. मी रेडहॅट कंपनीची आरएचसीएसए ही लिनक्सची परीक्षा पास झालो. त्या परीक्षेत पर्याय निवडून खुणा करायच्या नसतात, चालू मशीन समोर देतात आणि कामं करून दाखवावी लागतात. कॅम्पसमधून आलेल्या मुलांना मी आज लिनक्स शिकवतो. बहिणीचं नर्सिंग याच पगारावर झालं. पदवी नसलेल्याला न शिकलेला म्हणायचं असेल तर म्हणा, पण शिक्षकाने तरी असं म्हणू नये.

असो. तुझ्याकडे येतो. प्रोग्रामिंग की नेटवर्किंग, तर माझं स्पष्ट मत, गोव्यात पदवीशिवाय सुरुवात सपोर्ट आणि नेटवर्किंगमधून कर. हॉटेलं, इस्पितळं, वेर्णा-कुंडईचे कारखाने, सगळ्यांना हातातलं काम येणारा माणूस जवळपास हवा असतो, तो पुण्या-बंगळुरूहून येत नाही. सिस्को कंपनीचं पॅकेट ट्रेसर हे सरावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यावर राउटर-स्विच जोडून सराव कर. जुन्या मशीनवर उबुंटू सर्व्हर हे लिनक्स टाक, तेही फुकट. आयआयटींच्या एनपीटीईएलचे ऑनलाइन कोर्स शिकायला पैसे लागत नाहीत, परीक्षा द्यायची असेल तेवढीच फी. अगदी वर्गात बसूनच शिकायचं असेल तर खासगी क्लासला हजारो रुपये देण्यापेक्षा सरकारी आयटीआयचा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर) ट्रेड बघ, एका वर्षाचा आहे. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीची स्वतःची शाळा २००५ पासून बारावी-डिप्लोमाच्या मुलांना घेऊन तयार करते, पण त्यासाठी तामिळनाडूत राहावं लागेल. एचसीएल कंपनीची टेकबी ही शिकता शिकता नोकरीची योजनाही बारावीनंतरची आहे, तिच्या अटी आधी वाच. आयटीच्या कामांना गणित लागतं आणि तू कॉमर्सचा.

कोडिंगचं मला विचारू नकोस, मी ते काम केलेलं नाही. ज्यांनी पदवीशिवाय केलंय ते लोक आहेत, त्यांना विचार.

आणि एक-दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. सरकारी खात्यात आयटीच्या बऱ्याच जागांना पदवी किंवा डिप्लोमा लागतोच, तिथे कौशल्य दाखवायची संधीच मिळत नाही. परदेशातही अडतं. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसाला पदवी किंवा तिच्या तोडीचा अनुभव लागतो, आणि अनुभवाची तीन वर्षं म्हणजे शिक्षणाचं एक वर्ष असा हिशेब धरतात. म्हणून नोकरी लागली की इग्नू या मुक्त विद्यापीठाचं बीसीए लाव. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, नोकरी करून होतं. बोगस पदवी विकणारे भेटतील, त्यांच्या वाऱ्यालाही उभा राहू नकोस. पडताळणीत पकडला गेलास तर अनुभवही मातीमोल होतो. आणि तुझ्या घरी कॉलेजचा खर्च झेपत असेल, नुसता कंटाळा आला म्हणून सोडलं असशील, तर परत जा. मी परिस्थितीमुळे सोडलं, तू का सोडलंस ते लिहिलेलं नाहीस.

पगाराचं विचारलंयस. पहिलं वर्ष-दीड वर्ष कळंगुटच्या शॅकमधल्या वेटरपेक्षा कमी मिळेल, हे गृहीत धर. घरी आत्ताच सांगून ठेव, नाहीतर तिसऱ्या महिन्यात तेच तुला तिथून काढतील. आणि बायोडेटा मेल करत बसू नकोस. सप्टेंबरमध्ये म्हापसा किंवा पर्वरीच्या एएमसीवाल्यांकडे स्वतः जाऊन उभा राहा. ऑक्टोबरला सीझन सुरू व्हायच्या आत सगळ्या हॉटेलांची पावसात खराब झालेली यंत्रं दुरुस्त करायची असतात आणि त्यांना माणसं कमी पडतात. क्रिंपर तुझा स्वतःचा ने.