बी-मेसॉनमधला फरक खरा, पण त्याने विश्वाचा हिशोब लागत नाही

प्रश्न: बिग बँगच्या वेळी मॅटर आणि अँटीमॅटर (मॅटरचंच उलट्या विद्युतभाराचं जुळं रूप) सारख्याच प्रमाणात तयार झालं म्हणतात, मग अँटीमॅटर गेलं कुठे? बी-मेसॉन नावाच्या अल्पायुषी कणाच्या प्रयोगांत याचं उत्तर मिळालंय असं वाचलं, खरंय का?

उत्तर: अर्धंच खरंय. मॅटर आणि अँटीमॅटर भेटले की दोन्ही संपतात आणि बहुतेक प्रकाशच उरतो, आणि आज विश्वात एका प्रोटॉनमागे अब्जाच्या वर फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, आहेत, म्हणजे सुरुवातीला अब्जात एखादाच कण मॅटरच्या बाजूने जास्त होता आणि आपण सगळे त्या उरलेल्यातून झालो. तो जास्तीचा आला कुठून, हा खरा प्रश्न. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ सखारोव्ह यांनी 1967 मध्ये त्यासाठीच्या अटी सांगितल्या, त्यातली एक म्हणजे सीपी सिमेट्री मोडायला हवी: कणाऐवजी अँटीकण घेतला आणि डावं-उजवं उलटं केलं तर निसर्गाने थोडं वेगळं वागायला हवं.

निसर्ग तसं वागतो हे क्रोनिन आणि फिच या अमेरिकी शास्त्रज्ञांना 1964 मध्येच केऑन नावाच्या कणात दिसलं होतं. कोबायाशी आणि मास्कावा या जपानी शास्त्रज्ञांनी 1973 मध्ये म्हटलं की क्वार्क, म्हणजे प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनतात ते मूळ कण, सहा प्रकारचे असतील तर हे जमतं, आणि तेव्हा सापडले होते फक्त तीन! मला ही हिंमत आजही थक्क करते.

बी-मेसॉनमध्ये त्या सहांतलाच बॉटम नावाचा जड क्वार्क असतो. कॅलिफोर्नियातल्या बाबार प्रयोगाने 2004 मध्ये बी आणि अँटी-बीच्या सुमारे 22 कोटी 70 लाख जोड्या तपासल्या, तर केऑन आणि पायॉन (आणखी एक हलका कण) यांच्यात फुटणारे बी 910 मिळाले आणि अँटी-बी फक्त 696. साधारण 13 टक्के फरक, केऑनमधल्या फरकापुढे हा प्रचंडच.

पण केऑन काय, पायॉन काय, दोघांतही एक क्वार्क आणि एक अँटीक्वार्क, त्यामुळे या फुटण्यातून जास्तीचं मॅटर तयार होतच नाही. निसर्ग पक्षपात करतो एवढंच यातून कळतं. आणि कोबायाशी-मास्कावांच्या गणितातला पक्षपात विश्वाच्या गरजेपेक्षा कोट्यवधी पटींनी कमी पडतो, म्हणजे आणखी कुठेतरी काहीतरी आहे जे आपल्याला अजून सापडलेलं नाही. जपानमधल्या त्सुकुबाचा बेल-टू प्रयोग हेच शोधतोय, त्याच्या सिलिकॉन डिटेक्टरचा एक थर आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या टीमने जोडलाय. आणि 2025 मध्ये सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेच्या एलएचसीबी प्रयोगाला पहिल्यांदा बेरिऑनमध्ये, म्हणजे प्रोटॉनच्याच जातीच्या कणात, असाच सुमारे अडीच टक्के फरक दिसलाय.