पाणी तोडून लघवी थांबत नाही

प्रश्न: माझे यजमान 68 वर्षांचे आहेत. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतात. धार सुरू व्हायला वेळ लागतो, नंतर थेंब थेंब येत राहते. म्हणून त्यांनी पाणीच तोडलंय. रंकाळ्यावर फिरायला जाणं बंद केलं, पुण्याला भाचीच्या लग्नालाही नको म्हणतात. डॉक्टर म्हटलं की चिडतात, ‘ऑपरेशनच सांगतील.’ परवा सर्दीची गोळी घेतली तर रात्रभर लघवी अडकली, पहाटे कशीबशी सुटली. कॅन्सर तर नसेल?
– एक वाचक, कोल्हापूर

ताई, आधी त्या गोळीचं बोलू. सर्दीच्या गोळ्यांत बहुधा फिनाइलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असतं. पहिलं औषध मूत्राशयाचं तोंड आवळतं, दुसरं मूत्राशयाचा जोर कमी करतं. प्रोस्टेट ही पुरुषांतली ग्रंथी वाढलेली असेल तर लघवी त्यानं पूर्ण तुंबू शकते. अशी गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका. पुन्हा ओटीपोट फुगून कळा आल्या आणि लघवी उतरेना, तर पहाटेची वाट बघू नका. लगेच सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. तिथं नळी घालून मूत्राशय रिकामं करतात.

प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती असते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी, साधारण 20 ग्रॅम भरते आणि वयाबरोबर वाढते. साठीच्या आसपास जवळजवळ निम्म्या पुरुषांत ही वाढ सापडते. नळी दाबली गेली की मूत्राशय जास्त जोर लावतं, त्याची भिंत जाड आणि चिडकी होते. मग ते अर्धं भरलं तरी कळ येते आणि पूर्ण रिकामंही होत नाही. पाणी तोडल्यानं यातलं काहीच सुटत नाही. उलट दाट लघवीनं जळजळ वाढते, बद्धकोष्ठ होतं आणि त्यानं लघवी आणखी अडते. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास नसेल तर दिवसाला दीड-दोन लिटर पाणी हवंच, फक्त त्यातलं बहुतेक संध्याकाळी सहाच्या आत. झोपण्याआधी दोन-तीन तास पाणी नको, चार वाजल्यानंतर चहाही नको.

आता एक काम तुम्हीच करा. मापाच्या खुणा असलेलं प्लास्टिकचं भांडं बाथरूममध्ये ठेवा आणि तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मिलीमध्ये, वेळेसकट लिहा. झोपल्यानंतरची आणि सकाळची पहिली लघवी मिळून चोवीस तासांच्या एक तृतीयांशाहून जास्त भरली, तर दोष एकट्या प्रोस्टेटचा नसतो. साखर, पायांवरची सूज, घोरणं, हेही तपासावं लागतं. तोंडी सांगण्यापेक्षा हा कागद डॉक्टरांच्या जास्त कामी येतो.

युरोलॉजिस्ट लघवी, साखर, क्रिएटिनिन (किडनीसाठी रक्ततपासणी), पीएसए (प्रोस्टेटसाठी रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी सांगतील. सोनोग्राफी भरल्या लघवीनं करतात आणि लघवी करून आल्यावर पुन्हा बघतात. मागे किती मिली उरली तो आकडा विचारून घ्या. नुसत्या आकारावरून घाबरू नका, 30 ग्रॅमची प्रोस्टेट छळते आणि 80 ग्रॅमची गप्प बसते, असंही होतं. गुदद्वारातून बोटानं तपासणी होते, मिनिटभराची. हे त्यांना घरीच सांगून ठेवा, म्हणजे तिथं अवघडल्यासारखं होणार नाही.

ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे, तिचा पुढं कॅन्सर होतही नाही. पण दोन्ही एकाच माणसात असू शकतात, म्हणून पीएसए बघतात. लघवीत जंतुसंसर्ग असेल तर तो आधी बरा करायचा, नाहीतर आकडा उगाच चढलेला दिसतो. लघवीत रक्त दिसलं किंवा थंडी वाजून ताप आला तर मात्र थांबू नका.

बहुतेकांची सुरुवात गोळीनंच होते. टॅमसुलोसिन 0.4 मिलिग्रॅम, रोज त्याच एका ठरलेल्या जेवणानंतर. काही दिवसांत धार सुधारते, पण उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री मिनिटभर कॉटच्या कडेला बसून मग उभं राहायचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर या गोळीचं नाव नेत्रतज्ज्ञांना आधी सांगायचं. ग्रंथी बरीच मोठी असेल तर फिनास्टेराइड जोडतात. त्याचा गुण यायला सहा महिने लागतात आणि पीएसए साधारण निम्मा होतो, तेव्हा पुढचे रिपोर्ट वाचणाऱ्याला हे माहीत हवं. ऑपरेशन बहुधा गोळीनं भागत नसेल, लघवी वारंवार अडकत असेल, खडे झाले किंवा किडनीवर ताण आला तरच, आणि तेही बहुतेक वेळा दुर्बिणीनं, पोट न कापता होतं.

लग्नाचं म्हणाल तर तपासणी त्याआधी उरका. गाडी कराडला आणि साताऱ्याला थांबणार हे निघण्याआधीच ठरवा आणि तसं त्यांना सांगा. हॉलवर पोचल्यावर बाथरूम कुठं आहे ते मुलानं आधी बघून ठेवावं.