खेड्यात बोर्ड गेमचा छंद लावायचाय, घरात पाच जण, आजीला इंग्रजी येत नाही. पहिला खेळ कोणता?

कारकासोन घ्या. २००० साली आलेला, २ ते ५ जणांचा. ७२ चौकोनी फरशा एकेक जोडत रस्ते, शहरं पुरी करायची. फरशांवर वाचायला काहीच नाही, त्यामुळे आजीची अडचण मिटली. शिवाय विदर्भातल्या उन्हाळी दुपारी कूलरसमोर पत्ते उडतात, जाड पुठ्ठ्याच्या फरशा नाही. शेतात आपली सोंगटी 'शेतकरी' म्हणून ठेवायचा नियम मात्र पहिल्या डावात गाळा. शेतकऱ्यांच्या घरातही तोच सगळ्यात किचकट वाटतो!

कॅटान हा मालाच्या देवाणघेवाणीचा दुसरा खेळ १९९५चा, मूळ डब्यात ३-४ जणांचाच, म्हणून एक जण ओसरीवर बसून राहील. घासाघीस आवडणारे चौघं जमले तर मजा त्यातच जास्त. मागवण्याआधी नियमांचा व्हिडिओ बघाच.