एसपी-ए दिसत नाही? आधी जीएपीडीएचवर शंका घ्या

आरटी-पीसीआरमध्ये (आरएनएवरून जनुक किती चालू आहे ते मोजण्याची पद्धत) एसपी-ए हे फुप्फुसातल्या सर्फॅक्टंट प्रथिनाचं जनुक दिसत नाही, ही तुमची पोस्ट वाचली आणि माझं जुनं दुखणं डोळ्यांसमोर आलं. तुमचं चित्र असं: लोबेक्टॉमीतून (फुप्फुसाचा खंड काढण्याची शस्त्रक्रिया) मिळालेल्या ब्राँकसच्या (मोठ्या श्वासनलिकेच्या) तुकड्यांत जीएपीडीएच या संदर्भ जनुकाचा सीटी (सिग्नल कितव्या फेरीला दिसतो तो आकडा, जितका कमी तितका माल जास्त) २३-२४, एसपी-ए ३५ च्या पलीकडे, काही नमुन्यांत एसपी-सी हे दुसरं सर्फॅक्टंट जनुक मात्र ठळक. वर तुमचे गाईड म्हणत राहिले की 'रुग्णांत अभिव्यक्ती घटली' असं लिहून मोकळे व्हा. कृपा करून एवढ्यात लिहू नका.

जीएपीडीएच चांगला आला म्हणजे आरएनए चांगला, हे खरं नाही. या जनुकाची इंट्रॉन (आरएनएतून कापले जाणारे मधले भाग) नसलेली कितीतरी स्यूडोजीन्स (निकामी नकला) आपल्या जीनोमभर पसरलेली आहेत. प्रायमर (जनुक ओळखणारा छोटा डीएनए तुकडा) एक्झॉन-जोडावर, म्हणजे इंट्रॉन कापल्यावर जुळणाऱ्या जागी, बसवला तरी तो डीएनएची भेसळ उचलतो. आरएनए कुजलेला असला तरी आकडा देखणा येतो आणि बळी जातो एसपी-एचा. डीनेझ (डीएनए तोडणारं एन्झाइम) दिलंच असेल, पण नो-आरटी कंट्रोल (आरएनएचा डीएनए करणारं एन्झाइम न घालता केलेली चाचणी, इथे सिग्नल आला तर तो भेसळीचा) प्रत्येक नमुन्याला लावा, बॅचमागे एक नव्हे. संदर्भ जनुकंही दोन-तीन ठेवा.

आता आरएनए कुजतो कुठे? माझ्या बाबतीत प्रयोगशाळेत नव्हे, ओटी (शस्त्रक्रियागृह) आणि ऊतकांची नोंद करणाऱ्या एका काउंटरच्या मधे. संस्थेचं नाव लिहीत नाही, नागपुरातलीच. नियम असा की काढलेलं प्रत्येक ऊतक आधी रजिस्टरमध्ये चढायचं, मगच संशोधनाला वाटा मिळणार. काउंटरवरचा माणूस जेवायला गेला की ऊतक सलाइनच्या वाटीत, मे महिन्यात, नागपुरात! कधी कुणी 'खराब होऊ नये' म्हणून थेट फॉर्मेलिनमध्ये टाकायचं, त्यात आरएनए तुटतो. परवानगीसाठी अर्ज केला की 'एथिक्सचं पत्र आणा', ते नेलं की 'यात वेळेचा उल्लेख नाही'. तिकडे केसेस निघून जात होत्या. सगळ्यात जास्त नुकसान माझं इथे झालं, किटचे पैसे त्यापुढे काहीच नाहीत.

शेवटी सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट दोघांच्या सहीची एक पानी नोंद कामी आली: निदानाला धक्का न लावता पॅथॉलॉजिस्टच ओटीत हरभऱ्याएवढा तुकडा कापून देतील. आरएनएलेटर (आरएनए टिकवणारं द्रावण) जाड तुकड्यात शिरत नाही, एक बाजू तरी अर्ध्या सेंटिमीटरच्या आत हवी. रात्रभर ४ अंशांवर, मग फ्रीझरमध्ये. फॉर्मेलिनमध्ये गेलेले नमुने फेकू नका, पण त्यांना ऑलिगो-डीटी (आरएनएच्या शेपटीला चिकटणारा प्रायमर) चालत नाही. रँडम हेक्झामर (आरएनएवर कुठेही चिकटणारे छोटे प्रायमर) आणि १०० बेसपेअरच्या आतले अॅम्प्लिकॉन (पीसीआरने वाढवायचे तुकडे) वापरून पाहा, आणि ताज्या नमुन्यांशी तुलना करू नका.

एसपी-सीबद्दल: हे जनुक वायुकोशांतल्या टाइप टू पेशींचं. ब्राँकसच्या तुकड्यात ते ठळक दिसत असेल तर बाजूचं फुप्फुस चिकटून आलंय असं मी आधी समजेन. आम्ही तर विच्छेदन साफ झालं का हे तपासायला एसपी-सीच वापरायचो. एसपी-बी या कामाचं नाही, ते श्वासनलिकांच्या अस्तरातल्या क्लब पेशींतही असतं.

एसपी-ए मोठ्या श्वासनलिकांत मुख्यतः अस्तराखालच्या ग्रंथींत असतं. म्हणून ब्रशने खरवडलेल्या पेशींची बायोप्सीशी तुलना केली तर 'घट' आपोआप दिसणार, आजाराचा काही संबंध नाही. आणि एसएफटीपीए१ व एसएफटीपीए२ ही एसपी-एची दोन जनुकं इतकी सारखी आहेत की साधे प्रायमर दोन्ही उचलतात. प्रबंधात 'एसपी-ए१' असं लिहिलंत तर परीक्षक पकडतील. दोन्ही मिळून मोजलं असं सरळ लिहा.

मी डॉक्टर नाही, लॅबमधला माणूस आहे, रुग्णांच्या बाजूचं तुमच्या सर्जनना विचारा. गाईडशी वाद घालण्याआधी हातात आकडे हवेत. नो-आरटीचे सीटी इथे टाका, मग पुढचं बोलू.