जिमचे नंतर ठरवा, आधी मेडिक्लेमचा हप्ता भरा

बडोद्याच्या कारेलीबागेतून एका वाचकाचे पत्र आले आहे. वय 44, मकरपुरा जीआयडीसीत नोकरी, पत्नी 41 वर्षांची, दोन मुले शाळेत. वडिलांना मधुमेह होता. यंदा यांच्या तपासणीत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्तचाचणी) 6.1 निघाले, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी व्यायाम सुरू करायला सांगितले. त्यांच्यापुढे तीन पर्याय आहेत. जिमचे तीन वर्षांचे सभासदत्व 36 हजारांना, पैसे एकरकमी. घरी ट्रेडमिल 60 हजारांना, बारा हप्त्यांत, ‘बिनव्याजी’. नाहीतर रोज सकाळी शहरातल्या कमाटी बागेत चालणे. पैशांच्या दृष्टीने कोणता बरा, असा प्रश्न आहे.

पत्राच्या शेवटी चार ओळी आहेत. त्या जशाच्या तशा देतो: “व्यायामासाठी पैशांची सोय केली आहे. मेडिक्लेमचा 26 हजारांचा हप्ता यंदा भरला नाही. नऊ वर्षांत एकही क्लेम नाही आणि कंपनीचे तीन लाखांचे कव्हर आहेच. शिवाय पत्नीच्या मावसभावाने एक पॉलिसी दिली आहे, तीत दवाखान्याचे रोज दोन हजार मिळतात आणि पैसेही परत येतात. शुगर ताब्यात आली की मेडिक्लेमची गरज उरणार नाही.”

पत्र वाचून मी त्याच संध्याकाळी फोन केला. हप्त्याची तारीख उलटून सतरा दिवस झाले होते. “विचार करून सांगतो,” असे ते म्हणाले. आज विसावा दिवस आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो.

वार्षिक हप्त्याच्या आरोग्य विम्याला तारखेनंतर तीस दिवसांची सवलत मिळते. तेवढ्यात पैसे भरले तर जुनी पॉलिसी सलग धरली जाते. मधल्या दिवसांत कोणी आजारी पडले तर त्याचा खर्च मिळत नाही, म्हणून एकेक दिवस जोखमीचा आहे. एकतिसाव्या दिवशी मात्र तुम्ही नवे गिऱ्हाईक होता, आणि ते कोणत्या रूपात ते पाहा. वय 44, साखर 6.1, वडिलांना मधुमेह. नव्या अर्जात हे सगळे खरे लिहावे लागेल. कंपनी जास्त हप्ता मागू शकते, अर्ज नाकारूही शकते. घेतलेच, तर आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबवू शकते. हर्निया, मोतीबिंदू, गुडघे यांसारख्या ठरावीक उपचारांसाठीही वेगळी प्रतीक्षा असते. हे सगळे तुम्ही नऊ वर्षांपूर्वी एकदा पार केले आहे.

“नऊ वर्षांत दोन लाख पाण्यात गेले” असे तुम्ही फोनवर म्हणालात. नाही गेले. त्या पैशांनी तुम्ही नऊ वर्षांची सलगता विकत घेतली आहे. पॉलिसी सलग पाच वर्षे चालली की, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, ‘तुम्ही अमुक आजार लपवलात’ म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. 2024 मध्ये विमा नियामकाने ही मुदत आठ वर्षांवरून पाचवर आणली. तुम्ही ती केव्हाच ओलांडली आहे. माझ्याकडे पन्नाशीतले लोक येतात आणि दुप्पट हप्ता द्यायची तयारी दाखवतात. त्यांना ही सलगता कुठेच विकत मिळत नाही. तुमच्याकडे ती आहे, आणि ती तुम्ही ट्रेडमिलच्या पाच हप्त्यांसाठी सोडून देत आहात.

आणि यंदा 26 हजार लागणारही नाहीत. त्यातले सुमारे चार हजार जीएसटीचे होते. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. कंपनीने मूळ दर वाढवला नसेल तर 22 हजारांत काम होईल.

कंपनीचे तीन लाख जरूर असू द्या. पण ते कव्हर तुमच्या नोकरीचे आहे, तुमचे नाही. नोकरी सुटली की ते सुटते, आणि पन्नाशीत सुटली तर त्या वयात नवा मेडिक्लेम शोधत फिरावे लागेल. तीन लाख किती पुरतात? बडोद्यात खासगी रुग्णालयात अँजिओप्लास्टी झाली तर दोन लाख सहज जातात. त्याच वर्षी मुलाला डेंग्यू झाला तर बाकीच्यांसाठी काय उरते ते तुम्हीच मोजा.

आता तुमच्या आशेबद्दल. व्यायाम करा, मनापासून करा. भारतीयांवरच झालेल्या एका अभ्यासात, 2006 साली प्रसिद्ध झालेल्या, उंबरठ्यावरच्या लोकांनी चालणे वाढवले आणि खाणे सुधारले तेव्हा मधुमेह होण्याचा धोका 28 टक्क्यांच्या आसपास कमी झाला. हे थोडे नाही. पण उरलेला बहात्तर टक्के धोका कुठे जातो? आणि अपेंडिक्स, पित्ताशयातले खडे, पावसात घसरलेली स्कूटर यांना तुमची साखर किती आहे याच्याशी काही देणेघेणे नसते. तंदुरुस्त माणसालाही दवाखान्याचे बिल भरावेच लागते.

मावसभावाच्या पॉलिसीचा मला खरोखर राग आला. ते घरचे आहेत, वाईट माणूस नसतील. पण तुम्हाला हे मेडिक्लेमच्या जागी चालेल असे सांगणे चूक आहे. पाच दिवस दवाखान्यात राहिलात तर रोजच्या दोन हजारांनी दहा हजार होतात, आणि बिल दोन लाखांचे असते. परताव्याचा हिशोबही कागदावर करू. त्या पॉलिसीचा हप्ता वर्षाला 50 हजार, दहा वर्षे, म्हणजे पाच लाख. पंधराव्या वर्षाअखेर परत मिळणार साडेआठ लाख. ऐकायला मोठे वाटते, पण हे वर्षाला जेमतेम पाच टक्के होतात. तेच पैसे त्याच पद्धतीने पीपीएफमध्ये टाकले तर आजच्या 7.1 टक्क्यांनी साधारण साडेदहा लाख होतील. दोन लाख कशासाठी सोडायचे? ‘टॅक्स वाचेल’ असेही तुम्हाला सांगितले गेले. तुम्ही नवी करप्रणाली निवडली आहे, असे फोनवर कळले. तिच्यात 80सी (आयुर्विमा, पीपीएफ यांवरची वजावट) नाही, 80डी (आरोग्य विम्यावरची) ही नाही.

इथेही तीस दिवस तुमच्या बाजूने आहेत. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता, स्टॅम्प ड्यूटी आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी पैसे मिळतात. तुम्हाला कागद नऊ दिवसांपूर्वी मिळाला, म्हणजे 21 दिवस आहेत. अर्ज मावसभावाच्या हाती देऊ नका. कंपनीच्या शाखेत स्वतः जा, शिक्क्याची पोच घ्या, ईमेलही करा. भावाला आधी घरी बोलावून, चहा पाजून, नीट सांगा. पत्नीला अवघडल्यासारखे वाटेल हे मला समजते. पण पाच लाखांच्या बांधिलकीपेक्षा एक अवघड संध्याकाळ परवडते.

आता तुमचा प्रश्न.

तीन वर्षांचे 36 हजार म्हणजे महिना हजार. महिन्याला वीस दिवस गेलात तर एका दिवसाचे पन्नास रुपये, वाईट नाही. पण मागच्या वेळी 12 हजार भरून तुम्ही अडीच महिन्यांत जेमतेम पन्नास वेळा गेलात, असे तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे प्रत्येक खेपेला 240 रुपये. तीन वर्षांचे एकरकमी पैसे कोणत्याही जिमला देऊ नका. जिम बंद पडली तर परत मागायला जाणार कुठे? कर्ज काढून भरले असतील तर जिमला कुलूप लागल्यावरही हप्ते सुरूच राहतात. महिन्याचे किंवा तीन महिन्यांचे भरा. जिमच्या फीवर जीएसटी आता 5 टक्के आहे, बिलात 18 दिसले तर विचारा.

ट्रेडमिल घेऊ नका. ‘बिनव्याजी’ हप्त्याचे व्याज किमतीतच असते. रोख किती पडेल असे विचारा, 60 चे 55 होतील. ते पाच हजार म्हणजे व्याज. सहा महिन्यांनी तिच्यावर टॉवेल वाळत घातले आणि विकायला काढलीत, तर निम्मे पैसेही येणार नाहीत.

तुमच्या घरापासून कमाटी बाग दोन-अडीच किलोमीटरवर आहे. सयाजीरावांनी 1879 साली ही बाग शहराला दिली. काळ्या घोड्याच्या पुतळ्यापासून आत शिरून आठवड्याला पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चाललात की जागतिक आरोग्य संघटनेची दीडशे मिनिटांची किमान मर्यादा पुरी होते. मात्र बाग बारा महिने साथ देणार नाही. मेमध्ये आठनंतर ऊन सोसवत नाही. पावसाळ्यात शेजारची विश्वामित्री नदी चढते. ऑगस्ट 2024 मध्ये तिने धोक्याची 25 फुटांची खूण कितीतरी ओलांडली होती. ते तीन-चार महिने जिमचे भरा, ते पैसे वाया जाणार नाहीत.

चालणे एकटे पुरत नाही, आठवड्यातून दोन दिवस स्नायूंवर जोर पडला पाहिजे. रक्तातली साखर सर्वात जास्त शोषतात ते स्नायूच. त्याला यंत्र लागत नाही. प्रा. माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाम मंदिरात बडोद्याच्या कित्येक पिढ्या डंड-बैठकांवर घडवल्या. घरी गॅलरीत बारा सूर्यनमस्कार आणि तीस बैठका इथून सुरुवात करा, डॉक्टरांना विचारून. चांगले बूट घ्या, तीन हजारांचे. या सगळ्यात मी तुम्हाला मनापासून करू देईन असा खर्च तो एवढाच. तुमच्या मेडिक्लेम कंपनीला एक गोष्ट विचारा: रोजच्या पावलांची नोंद ठेवली तर नूतनीकरणात सूट आहे का? काही कंपन्या देतात.

तुमच्या मेडिक्लेमचे पाच लाखांचे कव्हर आज अपुरेच आहे. पण ते पुढच्या वर्षी पाहू. कंपनी बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या 45 दिवस आधी अर्ज करा, मग सलगता बरोबर येते. वर सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या पुढचे बिल भरणारा जोडविमा, घेऊ, तो स्वस्त पडतो. यंदा आहे तीच पॉलिसी, आहे त्याच कंपनीत.

हप्ता ऑनलाइन भरता येतो. दहा दिवस उरले आहेत. पावतीचा फोटो मला पाठवा.