जास्वंदीवर कापसासारखे पांढरे किडे, गुलाबाची पानं गोल कातरलेली. कीड कोणती आणि फवारू काय?

नाशिकच्या गच्चीतल्या जास्वंदीवर पांढऱ्या किड्यांचे पुंजके, त्यात काही मोठे आणि चालणारे, शिवाय गुलाबाच्या पानांना गोल काप, असं तुम्ही लिहिलंय. दोन दिवस कृपया काहीच फवारू नका. या वर्णनात कीड बहुधा एकच आहे.

पिठ्या ढेकूण तीन-चार मिलिमीटरचा, चपटा, पीठ लावल्यासारखा आणि एका जागी चिकटून बसणारा. तो रस शोषून चिकट गोड द्रव सोडतो, म्हणून खोडावर मुंग्यांची रांग लागते. पण त्याच पुंजक्यात सेंटिमीटरभर लांब, अंगावर मेणाच्या लांब झिरमिळ्या असलेला आणि काडी लावली की पळणारा जो आहे, ती क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याची अळी असावी. ती पिठ्या ढेकणाची अंडी-पिल्लं फस्त करते. हा भुंगेरा द्राक्षबागांत मुद्दाम सोडतात आणि गच्चीत मात्र त्याची अळी कीड समजून मारली जाते, याचं फार वाईट वाटतं. आसपास काळ्या पाठीचा, नारिंगी डोक्याचा छोटा भुंगेरा दिसला की ओळख पक्की.

गुलाबाचा काप पानाच्या कडेपासून आत, ब्लेडने कापावा तसा स्वच्छ अर्धगोल असेल तर ते पानकातरी माशीचं काम. ती पान खात नाही, तुकडे नेऊन घरट्याला अस्तर लावते. परागीभवन करणारी माशी आहे, राहू द्या. भोकं पानाच्या मधे, वेडीवाकडी आणि खाली काळ्या लेंड्या असतील तर अळी शोधा. लेंड्या नाहीत, दिवसा कोणी दिसत नाही, तर रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन बघा. पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे तेव्हाच पानं खातात. चकाकती वाळलेली रेघ म्हणजे गोगलगाय.

डोळ्यांना काहीच दिसत नसेल तर फांदी पांढऱ्या कागदावर झटका. लांबट, सुईच्या टोकाएवढे पळणारे ते फुलकिडे. ठिपक्यासारखे, हळू सरकणारे आणि पानाखाली बारीक जाळी असेल तर लाल कोळी (माइट), घरातला जाळी विणणारा कोळी नव्हे. कोळ्याला आठ पाय, तो कीटक नव्हेच. त्यामुळे बरीच कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत.

पिठ्या ढेकणासाठी जुन्या टूथब्रशला साबणपाणी लावून पुंजके घासून काढा. क्रिप्टोलिमसच्या अळ्या असलेली फांदी तेवढी वगळा. मुंग्यांची वाट तोडा, कारण ढेकूण खाणाऱ्या किड्यांना हुसकावून मुंग्या ढेकणांची राखण करतात. तरीही उरले तर १५०० पीपीएमचं (ही तीव्रता बाटलीवर लिहिलेली असते) निमअर्क ५ मिली एक लिटर पाण्यात मिसळून, ऊन उतरल्यावर, पानाच्या खालच्या बाजूने फवारा. अंडी मेणाखाली सुरक्षित राहतात, म्हणून सात दिवसांनी पुन्हा. एकदाच मारून थांबलं की महिन्यात सगळं पूर्ववत.

ओळख पटली नाही तर किडा सॅनिटायझर भरलेल्या लहान बाटलीत टाका, खाल्लेलं पान वेगळं कागदात गुंडाळा आणि गंगापूर धरणाजवळच्या मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. फोटो काढलात तर शेजारी फूटपट्टी ठेवा.