‘डिमेन’ला मराठीत शेरी म्हणावं का?

प्रश्न एका अनुवादक मैत्रिणीचा आहे. इंग्लंडच्या सरंजामशाहीवरचा मजकूर ती मराठीत आणते आहे आणि ‘डिमेन’ या शब्दापाशी अडली आहे. उमरावाने गावातली काही जमीन कुळांना लावून दिली आणि काही स्वतःच्या नांगराखाली ठेवली, तर ही दुसरी जमीन म्हणजे डिमेन. तिने आधी ‘खासगी जमीन’ लिहिलं, मग ‘राखीव जमीन’ लिहिलं. पहिलं सातबाऱ्यासारखं वाटतं, दुसरं वनखात्यासारखं. मराठीत याला शब्दच नाही का, असं तिने विचारलं.

आहे की. शेरी.

सातारा-कोल्हापूरकडच्या वाचकाला हा शब्द अगदीच अनोळखी नसावा. सरकारने, संस्थानिकाने किंवा देशमुखासारख्या वतनदाराने रयतेला कायमची लावून न देता स्वतःच्या हातात ठेवलेली जमीन ती शेरी. ‘शेरी जमीन’, ‘शेरी ठिकाण’ असंही म्हणत. आमच्या आजोळी ओढ्याकाठच्या एका पट्ट्याला अजून शेरीच म्हणतात. तिथे आता चार भावांचा ऊस आहे, राजा नाही की देशमुख नाही, पण मामा फोनवर सहज म्हणतो, “रात्री शेरीत पाणी धरायला जायचंय.” शेरीचा अर्थ विचारला तर “नाव आहे ते,” एवढंच सांगतो. मात्र नकाशावर शेरी दिसली की तिथे जहागीरदाराचा मळा होता, असं लगेच ठरवू नये. कुंपणाला लावतात तो चिकाचा शेरही आपल्याकडे आहे, आणि गावंच्या गावं झाडांवरून ओळखली जातात.

आता ‘खासगी’. हा शब्द खरं तर चूक नाही, फक्त त्याचा अर्थ मधल्या काळात सरकला. ‘खास’ म्हणजे धन्याचं स्वतःचं. 1734 मध्ये पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे वेगळी जहागीर दिली, ती होळकरांची ‘खासगी’. पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. दौलतीचा हिशेब निराळा, खासगीचा निराळा. म्हणजे जो शब्द एकेकाळी राजघराण्याच्या मिळकतीला लागायचा, तो आज रातराणी बसला आणि शिकवणीच्या क्लासला लागतो. कोकणात खोतांच्या जमिनींत ‘खोत खासगी’ आणि ‘खोत निसबत’ असा भेद होता आणि 1949 च्या खोती नष्ट करण्याच्या कायद्यापर्यंत तो कागदोपत्री टिकला. पण आजच्या वाचकासमोर ‘लॉर्डची खासगी जमीन’ ठेवली, तर बाकीची जमीन सरकारी होती असं त्याला वाटणार. तसं नव्हतं. गाव सगळाच लॉर्डच्या ताब्यातला, प्रश्न फक्त नांगर कुणाचा एवढाच.

‘खालसा’ही नको. खालसा म्हणजे मधे जहागीरदार नसलेला, ज्याचा वसूल थेट सरकारात जमा होतो तो मुलूख. 1848 मध्ये सातारा खालसा झालं, म्हणजे कंपनीने तिथे स्वतःची औतं घातली असं नव्हे. उत्तरेतला ‘सीर’ अर्थाने अगदी जवळचा आहे. जमीनदारी गेली तेव्हा उत्तर प्रदेशात सीर आणि खुदकाश्त (म्हणजे स्वतः कसलेल्या) जमिनी जमीनदारांकडेच राहिल्या. पण मराठी वाचक ‘सीर’ वाचून डोकं खाजवेल. ‘स्वभूमी’ वगैरे घडवण्याच्या तर मी विरुद्धच आहे. घरात विळी असताना कर्तनयंत्र कशाला?

नांगर कुणाचा, हे मी उगीच म्हणत नाही. 1086 च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवून घेतलेल्या जमीनपाहणीच्या दप्तरात, जवळजवळ प्रत्येक गावाच्या नोंदीचा साचा हाच आहे: जमीन इतक्या नांगरांची, त्यांपैकी मालकाच्या शेरीत इतके, कुळांकडे इतके. आपल्याकडे ‘चार औतांची शेती’ म्हणतात तसंच, फक्त त्यांच्या नांगराला हिशेबात आठ बैल धरत. ही शेरी वाड्याला लागून एकसलग असायचीच असं नाही. पुष्कळदा तिच्या पट्ट्या कुळांच्या पट्ट्यांत मिसळलेल्या असत, त्यामुळे ‘वाड्याभोवतीची बाग’ असं भाषांतर केलं तर चित्रच बिघडतं. (आयर्लंडमध्ये मात्र हवेलीच्या भिंतीआतल्या सगळ्या आवाराला डिमेन म्हणतात. तिथे ‘हवेलीचं आवार’च लिहावं.)

शेरी पिकवायची कुणी, तर बांधील कुळांनी, वेठीवर. आठवड्याचे दोन-तीन दिवस ठरलेले, शिवाय सुगीत जादा. या जादा कापणीचे प्रकार जुन्या हिशेबांत नावानिशी येतात. धन्याकडून बिअर मिळायची ती ‘एल’ची कापणी, नुसतं पाणी मिळायचं ती पाण्याची, आणि काहीच मिळत नसे ती सरळ ‘भुकेची कापणी’. नाव ठेवणारा कारकून असला, तरी शब्द कापणाऱ्याच्या तोंडचा असणार, असं मला आपलं वाटतं. कोकणातल्या कुळांना हे वेगळं सांगायला नको. खोताला आठ दिवसांतला एक दिवस फुकट द्यायचा, ती आठवेठ.

पुढे 1348-49 च्या प्लेगने माणसं मेली, मजुरी चढली, आणि उमरावांनी हळूहळू शेऱ्या ठरावीक रकमेवर लावून दिल्या. त्या ठरीव रकमेला म्हणत ‘फर्म’, म्हणजे आपला मक्ता. त्यावरून तो मक्त्याचा तुकडा ‘फार्म’ आणि मक्तेदार ‘फार्मर’ झाला. तिकडे मक्तेदाराचा शेतकरी झाला, आपल्याकडे त्याच मक्त्यातून मक्तेदारी निघाली.

उच्चार ‘डिमेन’ किंवा ‘डिमीन’, कसाही चालतो, ‘डेमेस्ने’ तेवढं नको. मुळात तो ‘डोमेन’चाच भाऊ, दोघांच्या मुळाशी लॅटिनमधला धनी. मधला ‘स’ वकिली फ्रेंचच्या लिखाणात घुसला, तो कधी कुणी उच्चारला नाही. स्कॉटलंडमध्ये तर शब्द झिजून नुसता ‘मेन्स’ उरला आणि शेतवाड्यांच्या नावांना चिकटला, आमच्या ओढ्याकाठच्या शेरीसारखाच.

तेव्हा मैत्रिणीचं वाक्य होतं: ‘सर्फ लोक लॉर्डच्या डेमेस्नेवर आठवड्यातून तीन दिवस काम करत असत.’ मी ते असं करीन: ‘बांधील कुळं आठवड्याचे तीन दिवस उमरावाच्या शेरीत वेठीला असत.’ पहिल्यांदा शब्द येईल तिथे ‘शेरी, म्हणजे धन्याने स्वतःकडे ठेवलेली जमीन’ एवढं जोडायचं. दुसऱ्यांदा गरज पडणार नाही.